शेततळ्याचं अनुदान: पोकलेन बोलावण्याआधी आणि नंतर

मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वैयक्तिक शेततळ्याला कमाल ७५,००० रुपये मिळतात. रक्कम आकारमानानुसार ठरते. वरचा खर्च आपला. शिवाय पैसे काम झाल्यावर येतात, म्हणून पोकलेनचं भाडं आधी हाताशी हवं.

नावावर ठरावीक किमान जमीन लागते, कोकणात ही अट कमी आहे. शेततळ्यासाठी आधी सरकारी लाभ घेतलेला नसावा.

अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. सातबारा, आठ-अ, आधार, शेतकरी ओळख क्रमांक जवळ ठेवा. सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते आधी बघा. सामाईक खातं असेल तर इतर खातेदारांची संमती आत्ताच घ्या. मंजुरीनंतर भाऊबंदांच्या मागे फिरण्यात मुदत निघून जाते. बँक खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं आणि अनुदान जमा होण्यासाठी तेच खातं निवडलेलं असणं वेगळं. दोन-तीन खाती असली की पैसे भलत्याच, विसरलेल्या खात्यात जाऊन बसतात. बँकेत विचारून घ्या.

निवड झाली म्हणजे खणायला परवानगी मिळाली असं नव्हे. पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत एक बादलीही माती काढू नका. आधीच खणलेल्या तळ्याला अनुदान मिळत नाही, आणि ‘मशीन गावात आलंच होतं’ हे कारण चालत नाही.

जागा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवूनच पक्की करा. ओढ्या-नाल्याच्या पात्रात तळं घेता येत नाही. काळ्या, चिकण जमिनीत पाणी टिकतं. मुरमाड जमिनीत अस्तराशिवाय, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाशिवाय, ते आठवड्यांत झिरपून जातं. तीन मीटरच्या आत कातळ लागणार का, ते शेजारच्या विहिरीवरून ताडता येतं. कातळ लागून खोली कमी भरली तर अनुदानही त्या प्रमाणात घटतं.

आखणीत सर्वांत जास्त घोळ होतो. ३० × ३० × ३ मीटर म्हणजे वरचं तोंड ३० मीटर. बाजूंना १:१ उतार (जेवढी खोली, तेवढंच आडवं अंतर) दिला की तळ २४ × २४ उरतो आणि साठा २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. चालक घाईत भिंती उभ्या काढतो. पहिल्याच मोठ्या पावसात त्या ढासळतात. चुन्याने दोन चौकोन आखा, बाहेरचा तोंडाचा, आतला तळाचा. काढलेली माती काठापासून निदान मीटरभर लांब टाका, नाहीतर तीच परत आत येते. पाणी आत येतं तिथे गाळ बसायला छोटा खड्डा घ्या, जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला, म्हणजे सांडव्याला, दगड रचून पिचिंग करा.

खोदाईआधी, चालू असताना आणि नंतरचे फोटो स्थळासह लागतात. मोजमाप घेताना स्वतः टेप धरा.

अस्तरीकरणाचं अनुदान वेगळं असतं, त्याचा अर्जही वेगळा. ५०० मायक्रॉनचा कागद घ्या, त्यावर आयएस १५३५१ या भारतीय मानकाची खूण बघा. वरच्या आकाराच्या तळ्याला सुमारे १,०३५ चौरस मीटर कागद लागतो. काठाच्या चरात गाडायचा भाग निराळा. अंथरण्याआधी खडे, मुळं वेचून काढा. अंथरल्यावर तळाशी लगेच थोडं पाणी सोडा. रिकामा कागद वाऱ्याने उचलला की जोड उसवतात. कुंपणही त्याच आठवड्यात घाला. शेळ्या पाण्यासाठी उतरतात, खुरांनी कागद फाटतो, आणि त्या गुळगुळीत उतारावरून माणसालाही वर येता येत नाही, म्हणून काठाला गाठी मारलेला जाड दोर कायम बांधून ठेवा.