जुनी बेसबॉल कार्डं जमवायची असतील तर 1956 च्या संचापासून सुरुवात करा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बेसबॉल कार्डांचा, म्हणजे च्युइंगगमच्या पाकिटात मिळणाऱ्या खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांचा, विषय निघाला की बहुतेकांना एकच कार्ड ठाऊक असतं: टॉप्स कंपनीचं 1952 चं, क्रमांक 311, न्यू यॉर्क यांकीज संघाच्या मिकी मँटलचं. त्याची एक प्रत ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकली गेली. अशा बातम्यांच्या नादाने या छंदात येऊ नका. आधी एकच संच निवडा, त्यातली साधी, स्वस्त कार्डं घ्या आणि त्यांच्यावरची छपाई बघायला शिका. माझ्या वडिलांचा पुण्यात छापखाना होता. कागद उजेडात तिरका धरून बघायची सवय मला तिथेच लागली आणि इथे न्यू जर्सीत कार्डं घेताना ती रोज उपयोगी पडते.

थोडा इतिहास माहीत हवा, कारण किमती त्यावर ठरतात. युद्धकाळात बंद पडलेली कार्डं 1948 मध्ये फिलाडेल्फियाच्या बोमन कंपनीने पुन्हा काढली: च्युइंगगमबरोबर मिळणारी 48 लहान, काळी-पांढरी कार्डं. 1952 मध्ये ब्रुकलिनच्या टॉप्सने 407 कार्डांचा मोठ्या आकाराचा, रंगीत संच आणला. त्याची मांडणी टॉप्समधल्या साय बर्जर यांची. शेवटची मालिका, म्हणजे 311 ते 407, हंगाम सरत आल्यावर दुकानात आली आणि तशीच पडून राहिली. उरलेला माल 1960 च्या सुमारास पडावातून नेऊन न्यू जर्सीजवळच्या समुद्रात बुडवला, असं बर्जर यांनी स्वतःच सांगितलं आहे. त्या मालिकेतली अगदी अनोळखी खेळाडूंची कार्डंही आज महाग आहेत ती यामुळे. टॉप्स आणि बोमन खेळाडूंच्या करारांवरून भांडत होत्या, म्हणून 1954 आणि 1955 च्या टॉप्स संचांत मँटलच नाही. 1956 च्या सुरुवातीला टॉप्सने बोमन विकत घेतली आणि ते भांडण मिटलं.

म्हणून मी 1956 चा संच सुचवते. 340 कार्डं, शिवाय संचातल्या कार्डांच्या नावांच्या, क्रमांक नसलेल्या दोन याद्या. कार्डं आडवी. एका बाजूला खेळाडूचा मोठा चेहरा, मागे मैदानातला प्रसंग, आणि पाठीवर तीन छोटी व्यंगचित्रं. जॅकी रॉबिन्सन 30 क्रमांकावर आहे, आणि त्याच हंगामानंतर तो निवृत्त झाला. हँक ॲरनच्या 31 क्रमांकाच्या कार्डावर मागे घसरत येणारा खेळाडू खरं तर विली मेज आहे. कंपनीने चुकीचा फोटो वापरला. 33 क्रमांकावर रोबेर्तो क्लेमेंते स्वतःच्या नावाने आहे. पुढच्याच वर्षी कार्डावर त्याचा ‘बॉब’ करून टाकला, आणि पोर्तो रिकोच्या त्या अभिमानी माणसावर झालेला हा अन्याय मला आजही खुपतो. 1952 सारखा या संचात परवडणारच नाही असा भाग नाही. कोपरे गोल झालेली, जराशी मळलेली साधी कार्डं दहा डॉलरच्या आत सहज मिळतात. अशीच घ्या. कुण्या पोराने खिशात घालून फिरवलेलं कार्ड मला काचेसारख्या कोऱ्या कार्डापेक्षा जास्त आवडतं.

आता बघायचं कसं. पहिलं काम मोजपट्टीचं. 1956 चं कार्ड पावणेचार इंच लांब आणि 2⅝ इंच उंच असतं. कोपरे टोकदार दिसावेत म्हणून काही लोक कडा कापतात, आणि कापलेलं कार्ड या छंदात जवळजवळ बाद समजतात. तेव्हाच्या कटिंगमध्ये थोडा फरक असायचा, म्हणून नुसत्या मापावर निकाल देऊ नका. खात्रीचं एक साधं कार्ड सोबत ठेवा, त्यावर संशयित कार्ड ठेवून चारही कडा जुळवा. मग कड उजेडात बघा. सत्तर वर्षांच्या पुठ्ठ्याची कड मऊ, किंचित मळकट झालेली असते. बाकी कार्ड जुनं आणि एकच कड पांढरी, ताजी दिसली तर ते परत ठेवा.

दुसरं साधन म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग. चित्राचा भाग रंगांच्या बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसेल. तो तसाच असायला हवा. पण काळी अक्षरं आणि रेघा भरीव, अखंड असायला हव्यात, कारण त्या ठिपक्यांशिवाय सरळ काळ्या शाईत छापल्या जात. कुणी मूळ कार्ड स्कॅन करून नक्कल छापली की अक्षरंसुद्धा ठिपक्यांत फुटतात. ही परीक्षा एकदा डोळ्यांत बसली की बहुतेक नकला क्षणात ओळखू येतात. अतिनील दिवाही जवळ ठेवा: आजचा कागद त्याखाली निळसर पांढरा चमकतो, त्या काळचा पुठ्ठा बहुधा मंदच राहतो.

तिसरी गोष्ट घड्या. समोरून न दिसणारी बारीक घडी कार्ड दिव्याखाली हळूहळू तिरकं केल्यावर रेघेसारखी उमटते. पाठही तशीच बघा. तिथे पाकिटाच्या मेणाचे डाग असतात, त्यांचं मला काही वाटत नाही. पांढरी चौकट एका बाजूला जाड आणि दुसरीकडे बारीक असेल तर किंमत उतरते. रंगांचं रजिस्टर हललं असेल, म्हणजे छापताना रंग एकमेकांवर नीट जुळले नसतील, तर चेहराच पुसट होतो, आणि अशी कार्डं मी घेत नाही. 1 ते 180 क्रमांकांच्या पाठी राखाडी आणि पांढऱ्या अशा दोन्ही मिळतात. सुरुवातीला जी मिळेल ती घ्या.

घ्यायची कुठे? शक्यतो कार्डांच्या प्रदर्शनात, जिथे वस्तू हातात घेता येते. आमच्या राज्यात हॉटेलांच्या आणि शाळांच्या हॉलमध्ये अशी प्रदर्शनं भरतात. विक्रेत्याच्या टेबलाखाली ‘कॉमन’, म्हणजे साध्या खेळाडूंच्या, कार्डांचे खोके असतात, ते मागा. हव्या असलेल्या क्रमांकांची यादी कागदावर न्या, दहा-पंधरा एकदम निवडा आणि मग विचारा, “सगळी घेतली तर काय लावाल?” एकेका कार्डावर घासाघीस केली तर चांगला विक्रेताही वैतागतो.

मोठ्या खेळाडूंची मँटल 135, टेड विल्यम्स 5, सँडी कोफॅक्स 79, रॉबिन्सन आणि क्लेमेंते ही पाच मात्र तपासणी होऊन प्लास्टिकच्या डबीत बंद झालेलीच घ्या. पीएसए आणि एसजीसी या त्यातल्या जुन्या कंपन्या, एक ते दहा गुण देतात. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर जुळवून बघा, कारण डब्यांच्याही नकला निघतात. चार गुणांची दोन कार्डं सारखी नसतात: एकाला पाठीवर घडी असते, दुसऱ्याचा रंगच उडालेला असतो. मला पहिलं चालेल, दुसरं नाही.

ठेवताना नेहमीची नऊ कप्प्यांची पानं 1952 ते 1956 च्या टॉप्स कार्डांना लहान पडतात; आठ कप्प्यांची मागा. पीव्हीसी नसलेलीच घ्या, पीव्हीसी कालांतराने चिकट होतं. प्रत्येक कार्ड आधी पातळ पिशवीत, मग कप्प्यात. मुंबईत किंवा कोकणात नेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्यात त्या वरचेवर बदला. सोबत एक वही ठेवा: क्रमांक, पाठीचा रंग, कुठे घेतलं, किती दिले.