चाक की तारे? इटलीच्या ‘सिराकुझाना’ तिकिटांचं जलचिन्ह ओळखताना

इटलीची सुटी टपाल तिकिटं घेतली की बुरुजांचा मुकुट घातलेल्या बाईचं छोटं तिकीट त्यात हमखास निघतं. चेहरा प्राचीन सिराक्यूजच्या नाण्यावरून घेतलेला, म्हणून ही ‘सिराकुझाना’. १९५३ मध्ये मालिका आली तेव्हा कागदातलं जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली आकृती, पंख असलेलं चाक होतं. १९५५ पासून तेच चित्र ताऱ्यांच्या कागदावर छापलं जाऊ लागलं. समोरून दोन्ही सारखी, कॅटलॉगमध्ये मात्र क्रमांक वेगळे आणि भावही वेगळे.

आधी काम कमी करून घ्या. १, ६, १५, ५०, ७० आणि ९० लिरा ही मूल्यं चाकाच्या कागदावर आलीच नाहीत, ती बाजूला काढा. ५, १०, १२, १३, २०, २५, ३५, ६० आणि ८० लिरा तपासायची. १९६८ पासूनची लहान आकाराची तिकिटं बिनजलचिन्हाच्या कागदावर आहेत. अतिनील दिव्याखाली ती पिवळट-हिरवी चमकतात.

तिकीट चिमट्याने काळ्या कागदावर पालथं ठेवा आणि टेबललॅम्पचा उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडा. निम्म्या तिकिटांचा निकाल इथेच लागतो. उरलेल्यांसाठी काळी, उथळ बशी आणि लायटरमध्ये भरायचं द्रव. तीन-चार थेंब पुरतात. जलचिन्हाच्या जागी कागद पातळ असतो, त्यामुळे भिजल्यावर काळी बशी तिथून जास्त दिसते आणि रेघा गडद उमटतात. पहिले काही सेकंद नीट बघा. कधी कधी द्रव उडून जाताना आकृती पुन्हा एकदा स्पष्ट होते. पेट्रोल वापरू नका, त्याचे डाग राहतात. ॲसिटोन तर शाई खातं. या मालिकेची छपाई फोटोग्रॅव्ह्यूरची आहे, म्हणून पहिला थेंब फाटक्या डुप्लिकेटवर टाका आणि पांढऱ्या कापसाला रंग लागतो का बघा. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको.

पूर्ण आकृती शोधत बसाल तर फसाल. तारे लहान, पाच टोकांचे, ओळींनी सगळीकडे पसरलेले. म्हणून प्रत्येक तिकिटात दोन-चार तरी, कडेला तुटके का होईना, सापडतात. चाक मोठं, त्यामुळे एका तिकिटात त्याचा तुकडाच येतो: धावेची लांब कमान, नाहीतर पंखाच्या पिसांच्या शेजारशेजारच्या रेघा. टोकं दिसली तर तारे, लांब वळण दिसलं तर चाक.

घोळ होतो तो शिक्क्यामुळे. जाड शाईच्या गोल शिक्क्याची कड मागून हुबेहूब धावेसारखी दिसते. कमान कुठे आहे ते लक्षात ठेवा, तिकीट उलटा आणि तिथेच शिक्क्याची रेघ आहे का पाहा. असेल तर ती कमान जमेस धरू नका. हिंजचा (तिकीट वहीत चिकटवायच्या गोंदपट्टीचा) उरलेला तुकडा आणि खरवडून पातळ झालेला कागदही गडद दिसतो, पण त्या डागाला रेघ नसते.

काहीच दिसलं नाही म्हणजे जलचिन्ह नाही, असं नव्हे. पाठीचा स्कॅन घेऊन कॉन्ट्रास्ट वाढवा. किंवा तिकिटाच्याच रंगाचा पारदर्शक कागद दिव्यावर धरा: तांबड्या उजेडात तांबडी छपाई जवळपास नाहीशी होते आणि कागदातलं उरतं. १९६८ पासूनची लहान तिकिटं सोडली तर ‘बिनजलचिन्ह’ हा शेरा खरोखर लागतो तो १९४४–४५ च्या तिकिटांना, म्हणजे १९२९ च्या मालिकेतली फॅसिस्ट जुडगी (फॅसिस्टांचं चिन्ह असलेली दांड्यांची मोळी) काढून छापलेल्या तिकिटांना. ती बिनजलचिन्हाच्या कागदावरही मिळतात आणि चाकाच्याही. १९२९ ची मूळ मालिका मात्र मुकुटाचं जलचिन्ह असलेल्या कागदावरची.

आपल्याकडचा भारताच्या नकाशाच्या नये पैशांच्या तिकिटांचा संच ज्यांनी ‘तारे की अशोकस्तंभ’ करत वेगळा केला आहे, त्यांचा डोळा आधीच तयार आहे.

चाक आडवं किंवा उलटंही येतं. मागून पाहिल्यावर आकृती आरशासारखी फिरते, म्हणून दिशा लिहिण्याआधी तुमचा कॅटलॉग समोरून बघतो की मागून, ते त्याच्या पहिल्या पानांत वाचा. तिकीट टिपकागदावर पूर्ण वाळू द्या आणि निकाल पेन्सिलीने पाकिटावर लिहा, तिकिटाच्या पाठीवर नको.