बीपी-शुगरच्या ॲपमधली ‘न आलेल्यांची’ यादी कशी वापरायची

भंडारा जिल्ह्यात उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि सिस्टरांसाठी हे लिहिते आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला जे जिल्हे घेतले, त्यांत वर्धा, सातारा, सिंधुदुर्गबरोबर आपला भंडाराही होता. त्यामुळे बीपी-शुगरच्या पेशंटची नोंद ठेवायचं ॲप आणि पेशंटला दिलेलं क्यूआरचं कार्ड आपल्याकडे जुनं झालंय. पण नोंद म्हणजे वरच्यांना पाठवायचा आकडा, एवढंच डोक्यात ठेवलं तर पेशंटच्या पदरात काही पडत नाही. माझ्या मते ॲपमधलं सगळ्यात कामाचं पान म्हणजे तारीख उलटूनही न आलेल्यांची यादी.

ती यादी खरी हवी असेल तर नोंद खरी हवी. नवं नाव टाकण्याआधी जुनं शोधा. एका गावात एकाच नाव-आडनावाच्या तीन बाया सहज निघतात. कार्ड घरी राहिलं असेल तर फोन नंबरवरून बघा. मोबाइल बहुतेक वेळा मुलाचा असतो आणि मुलगा नागपूरला किंवा पुण्याला. म्हणून दुसरा नंबर शेजारच्यांचा घ्या आणि तो कोणाचा तेही लिहा.

पेशंट सायकलवरून उतरला की लगेच पट्टा बांधू नका. पाच मिनिटं बसू द्या. मशीनवर आला तोच आकडा टाका, गर्दी आहे म्हणून सरसकट १३०/८० नको.

पुढची तारीख शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी द्या, त्या दिवशी माणूस तसाही येणारच असतो. साठा कमी म्हणून १५ दिवसांच्याच गोळ्या दिल्या असतील तर तारीखही १५ दिवसांनंतरचीच. जुलैत धानाची रोवणी सुरू झाली की ओपीडी ओस पडते, तेव्हा जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील का, हे एमओ (वैद्यकीय अधिकारी) साहेबांना जूनमध्येच विचारून ठेवा.

आता यादी. आठवड्यातून एकदा आशाताईंसोबत बसून ती टोलीप्रमाणे, म्हणजे वस्तीप्रमाणे, वाटून घ्या. फोन संध्याकाळी करा, दिवसा लोक धानाच्या बांधीत असतात. ‘का नाही आलात?’ असं दरडावून विचारलं की समोरचा फोन उचलणंच सोडतो. मी म्हणते, ‘काकाजी, तुमच्या गोळ्या काढून ठेवल्या जी, मंगळवारी या.’ मग कारण आपोआप निघतं. सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर: ‘आता बरं वाटून राहिलं, गोळी कायले घेऊ?’ त्याला शांतपणे सांगा की बीपी वाढलेला असला तरी बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही आणि गोळी बंद केली की तो पुन्हा चढतो. मिळालेलं कारण ॲपमध्ये टाका: गाव सोडलं, खासगीत औषध सुरू आहे, वारले. वारलेल्या माणसाची नोंद तशीच राहिली तर पुढच्या आठवड्यात त्याच घरी पुन्हा गोळ्यांसाठी फोन जातो. त्या घरावर हे ओझं नको.

दुसरं एक पान हमखास दुर्लक्षित राहतं: नेमाने येणाऱ्यांचा इतिहास. माझ्याकडच्या एका मावशींचे तीन महिन्यांचे आकडे असे होते: १५६/९४, १६०/९६, १५८/९२. तिन्ही वेळा बीपी वाढलेलाच, आणि तिन्ही वेळा बीपीची तीच गोळी, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. त्या एकदाही चुकल्या नव्हत्या, गोळ्यांची पाकिटंही रिकामी होती. रजिस्टरच्या वेगवेगळ्या पानांवर हे दिसलं नसतं, स्क्रीनवर एकाखाली एक दिसलं. असं दिसलं की ‘मीठ कमी खा’ म्हणून परत पाठवू नका. त्याच दिवशी ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन सल्ला सेवा) डॉक्टरांना तिन्ही आकडे वाचून दाखवा आणि प्रोटोकॉलमधली, म्हणजे ठरलेल्या उपचारक्रमातली, पुढची पायरी सुरू करायची का ते विचारा.

न आलेल्यांची यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोणाला शुगर आहे हे सोयरिकीपर्यंत पोचतं. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठते, पण पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मीटिंगला गेलात की ती वर गेली का हे बघूनच फोन खिशात ठेवा.