जुना इंग्रजी पेपर चाळायचाय? आधी हे बघा (बॉम्बे क्रॉनिकलच्या निमित्ताने)

ब्रिटिश काळातला इंग्रजी पेपर म्हटलं की आपण धरूनच चालतो की तो सरकारच्या बाजूचा असणार, आणि देशी पेपर तेवढे आपले. मीही असंच धरून बसलो होतो, मग बॉम्बे क्रॉनिकलचे १९१९ चे अंक बघायला घेतले आणि सगळा गोंधळ झाला, कारण हा पेपर इंग्रजी, संपादक बी. जी. हॉर्निमन अस्सल इंग्रज, आणि सरकारने त्यालाच उचलून बोटीत बसवून इंग्लंडला पाठवलं!

तर पहिली गोष्ट म्हणजे पेपरच्या नावावर जाऊ नका, तुम्ही जी तारीख बघताय त्या तारखेला मालक कोण आणि संपादक कोण ते शोधा. टाइम्स ऑफ इंडियाच घ्या. १८३८ मध्ये बॉम्बे टाइम्स म्हणून सुरू झाला, १८५७ च्या उठावात संपादक जॉर्ज बुइस्ट भारतीय लोकांविरुद्ध इतकं जहाल लिहायला लागला की भारतीय भागधारकांनीच त्याला काढलं आणि रॉबर्ट नाइटला आणलं, आणि १८६१ मध्ये नाव बदलून टाइम्स ऑफ इंडिया झालं. म्हणजे पेपर तोच, पण १८५७ च्या मे महिन्यातला अग्रलेख आणि १८५९ मधला अग्रलेख एकाच हाताचे नाहीत. क्रॉनिकलचं पण तसंच. काँग्रेसचे मुंबईतले नेते फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये काढला, हॉर्निमन १९१९ मध्ये गेला, मग काही वर्षं मार्माड्यूक पिकथॉल (कुराणाचं इंग्रजी भाषांतर केलं तोच), आणि १९२४ पासून सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. ही यादी एका कागदावर लिहून शेजारी ठेवा, सारखी लागते.

दुसरं, त्या वर्षी कायदा कुठला होता. हे लोक हमखास विसरतात. १८७८ चा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट (सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या पेपरांना आवरायचा कायदा) फक्त देशी भाषांतल्या पेपरांना लागू होता, इंग्रजीला नाही. म्हणून तर कलकत्त्याची अमृत बझार पत्रिका बंगालीतून एकदम इंग्रजीत आली, कायदा बघत बसला. १८८१ मध्ये टिळक-आगरकर मंडळींनी केसरीच्या जोडीला इंग्रजी मराठा काढला तो मात्र वेगळ्या हिशोबाने, म्हणजे साहेबाला आणि बाकीच्या प्रांतांना कळावं म्हणून. पुढे १९१० च्या प्रेस ॲक्टने ही भाषेची पळवाटच बंद केली. नवीन छापखान्याकडून ५०० ते २००० रुपये अनामत मागता यायची, ती जप्त झाली की पुढची अनामत १०,००० पर्यंत. त्यामुळे १९१० ते १९२२ मधला एखादा अग्रलेख मिळमिळीत वाटला तर लगेच भित्रा म्हणू नका, डोक्यावर अनामत होती का ते आधी बघा.

आता शेवटच्या पानावर तळाला जा. हो, तळालाच. १८६७ च्या कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि छापल्याचं ठिकाण अंकावर छापणं सक्तीचं होतं. खटला झाला की पकडायला हीच नावं. ही ओळ दर महिन्याला टिपून ठेवा, नाव अचानक बदललं की त्या आठवड्यात काहीतरी झालंय का ते शोधा, नेहमी खटलाच असतो असं नाही पण कधीकधी धागा तिथूनच सुटतो.

पहिल्या पानावर मात्र फार वेळ घालवू नका. बरेचदा तिथे नुसत्या जाहिराती असतात, बोटी कधी सुटणार, लिलाव, नोकऱ्या. बातम्या आत. (जाहिराती मलाच जास्त आवडतात, तासन्‌तास जातात, पण तो वेगळा विषय.)

बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख असते ती वाचाच, पेपरची तारीख वेगळी आणि बातमीची वेगळी. १८७० मध्ये समुद्राखालून तार मुंबईपर्यंत आली, त्याआधी विलायतेची सविस्तर बातमी बोटीने यायची म्हणजे आठवडेच्या आठवडे शिळी. आणि तार आल्यावरही उशीर दिसला तर सेन्सॉरचा संशय घ्यायचा. जालियनवाला बाग १३ एप्रिल १९१९ ची, पण पंजाबात मार्शल लॉ आणि बातम्यांवर पहारा, त्यामुळे १४ तारखेचा अंक उघडून सगळं तिथे सापडेल अशी अपेक्षा ठेवली तर हात हलवत परत याल. पुढे जात राहा, आठवडे नाही महिने. त्यातच एप्रिलच्या शेवटी हॉर्निमनची हद्दपारी झाली आणि क्रॉनिकल काही काळ बंद पडला, म्हणजे फाइलमध्ये खड्डा दिसला तर लायब्ररीवाल्यांना शिव्या देऊ नका, अंक निघालाच नव्हता! अशा वेळी शेजारचा पेपर धरायचा. क्रॉनिकलशी संबंधित उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर यांच्याच हातात यंग इंडिया होता, तो त्यांनी गांधीजींकडे दिला आणि आठवड्यातून दोनदा काढायला लागले, ही पोकळी भरायलाच. हॉर्निमन परत आला थेट १९२६ मध्ये.

ऑनलाइन शोधणार असाल तर स्पेलिंगने डोकं फिरेल. पुणे टाकून काही मिळत नाही, पूना टाका, खडकीला किर्की, ठाण्याला टॅना, वसईला बसीन, आणि जुन्या अंकांत सोलापूर, रत्नागिरीची तर इतकी रूपं की मोजू नका. अठराव्या शतकातले अंक असतील तर त्यातला लांब एस (f सारखा दिसणारा जुना s) कॉम्प्युटर एफ म्हणून वाचतो, तसंही टाकून बघा.

सरावाला जुलै १९०८ घ्या. २२ तारखेला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मग मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. २३ पासूनचा टाइम्स आणि त्यानंतरचा मराठाचा साप्ताहिक अंक शेजारी शेजारी ठेवा, आणि एकच काम करा, रस्त्यावरच्या लोकांना कुणी काय शब्द वापरलाय तेवढं दोन रकान्यांत लिहून काढा. अग्रलेख नंतर वाचा.