धडकेनंतरचा अर्धा तास : एसटीच्या नव्या चालकांसाठी

बिल्ला मिळाला, लाईनवर पहिली ड्युटी लागली की नव्या चालकावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. हळू चालव, कट मारू नकोस, रात्री मध्ये चहा घे. सगळे सल्ले बरोबरच. पण गाडी ठोकलीच तर काय करायचं, असं विचारलं की कँटीनमध्ये हमखास एक उत्तर येतं : ‘आधी तिथून निसट, पुढचं पुढे बघू.’ सांगणारे चांगल्या मनानंच सांगतात; त्यातल्या काहींनी जमावाचा मार पाहिलेला असतो. तरी तो सल्ला घेऊ नका. पहिली धडक दर वेळी आपल्या हातात नसते. समोरून झिंगलेला मोटारसायकलवाला अंगावर आला तर कोणाचं काय चालणार? पण नंतरचं नुकसान, म्हणजे मागचा ट्रक येऊन गाडीत घुसणं, आग लागणं, जखमीचं रक्त रस्त्यातच वाहून जाणं, हे बरेचदा चालक-वाहकाला रोखता येतं.

त्याची तयारी डेपोतच करायची. गाडी ताब्यात घेताना टायर, वायपर, हेडलाइट आपण बघतोच. त्याबरोबर अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा, परावर्तक त्रिकोण गाडीत आहे का बघा आणि संकटकालीन दरवाजा स्वतः एकदा उघडून बंद करा. नुसता लांबून बघू नका. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. बस डाव्या अंगावर पडली, त्यामुळे दार खाली दाबलं गेलं होतं. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. गाडी कोणत्या अंगावर पडेल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून काच फोडायचा हातोडा कुठे आहे हे वाहकालाही ठाऊक हवं. ड्युटी सुरू होताना वाहकाशी दोन वाक्यांत ठरवून टाका : काही झालं तर प्रवासी तुम्ही बघा, रस्ता मी बघतो. तिकीट मशिनमुळे गाडीत किती माणसं होती हे वाहकालाच नेमकं कळतं. रात्री उलटलेल्या गाडीत ‘सगळे बाहेर आले का’ या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यावरून मिळतं.

आता चालवण्याबद्दल थोडं. एअर ब्रेकच्या गाडीत हवा पुरती भरल्याशिवाय, म्हणजे बझर थांबून काटा वर आल्याशिवाय, गाडी हलवू नका आणि गेटबाहेर पडण्याआधी आवारातच एकदा ब्रेक दाबून बघा. घाटाचा नियम जुनाच आहे : ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. कुंभार्ली, आंबा, करूळ, कुठलाही घाट घ्या, उतारावर गाडी इंजिनावरच उतरली पाहिजे. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो आणि नेमक्या पुढच्या वळणावर ब्रेक पकडत नाही. वास आला तर रुंद जागा बघून थांबा, गाडी थंड होऊ द्या, प्रवाशांनी कितीही कुरकूर केली तरी. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आजही भेटतात. त्यांचं ऐकू नका. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर जातो आणि बारा-चौदा टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक गेलेच तर एकेक गिअर खाली घेत, हँडब्रेकचा आधार घेत गाडी डोंगराच्या अंगाला घासा. पत्रा चेपेल, गटारात चाक जाईल, पण दरीकडचा कठडा बस अडवेल असं गृहीत धरू नका.

गावातल्या थांब्यावर वेगळाच धोका असतो. म्हातारी आजी उतरते, डोक्यावर बोचकं घेते आणि गाडीच्या पुढून, अगदी बंपरला चिकटून रस्ता ओलांडायला लागते. आपल्या सीटवरून ती दिसतही नाही. वाहकानं डबल बेल दिली म्हणजे पुढचा रस्ता मोकळा आहे असा अर्थ नाही. तो दाराकडे बघत असतो. उतरलेली माणसं आरशात मोजा. एक जण कमी दिसला तर तो पुढे आहे असंच समजा. डावीकडे वळताना मागचं चाक आत कापतं, तिथे मोटारसायकल घुसलेली असते. स्टँडवर रिव्हर्स घेताना वाहक खाली उतरून शिट्टी देत असेल तरच गाडी मागे घ्या, स्टँड रिकामं दिसलं तरी.

आणि लेट झालेली गाडी रस्त्यावर भरून काढायला जाऊ नका. साठ किलोमीटरचं अंतर ताशी ५० ऐवजी ६०नं कापलं तर कागदावर बारा मिनिटं वाचतात. प्रत्यक्षात थांबे, बाजार, गुरं आणि लग्नाची वरात यांत त्यातली पाचही हाती लागत नाहीत. ६०च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे पाय ब्रेकवर पोचायच्या आत दीड गाडी लांबीचा रस्ता संपलेला असतो.

उसाचा हंगाम चालू असताना एका पहाटे आमच्या पुढचा टेम्पो विनादिव्याच्या ट्रॉलीवर आदळला. आम्ही मागे थांबलो. मी टेम्पोकडे निघालो तेव्हा वाहक बॅटरी घेऊन उलट्या दिशेनं, मागे, वळणापलीकडे पळत गेला. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं. दोन मिनिटांत भरधाव जीप आली आणि बॅटरीचा उजेड पाहून वळणाआधीच थांबली. टेम्पोचा चालक आम्ही बाहेर काढत असताना ती जीप आमच्यात शिरली असती. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे : हँडब्रेक, इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू, आणि लगेच मागच्या वाहनांना इशारा. त्रिकोण गाडीपासून निदान पन्नास मीटर मागे ठेवा. ६०च्या वेगात हे अंतर तीन सेकंदांत संपतं, त्यामुळे हायवेवर आणखी लांब, आणि वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. झाडाच्या फांद्या टाकल्या तरी चालतात. चाकाला किंवा रस्त्यात लावलेले दगड मात्र निघताना स्वतः उचला. बंद पडलेला ट्रक निघून जातो आणि त्याचे दगड रात्री कोणा मोटारसायकलवाल्याचा जीव घेतात.

प्रवासी उतरवायचे ते रस्त्याच्या कडेला, कठड्याबाहेर सपाट जागा असेल तिथे. गाडीच्या मागे उभं राहून मोबाईलवर बोलू देऊ नका. धूर दिसला तर आधी माणसं, मग गाडीच्या बॅटरीचा कटऑफ, म्हणजे वीज तोडणारा खटका, मग अग्निशामक. बॉनेट एकदम उघडू नका. आत हवा गेली की आग भडकते. फटीतून मारा, ज्वाळांच्या बुडाशी.

जखमीसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनवर आधी जागा सांगा : किलोमीटरचा दगड, जवळचं गाव, कोणत्या दिशेची बाजू. आग किंवा पुढच्या धडकेची भीती नसेल तर जखमीला हातापायाला धरून ओढू नका, मानेला इजा असू शकते. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि सोडून-सोडून बघू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायला लोक पुढे येतात, त्यांना अडवा. पैशांसाठी नातेवाइकांची वाट बघत कोणी थांबत असेल तर सांगा की २०२५पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे : अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचे उपचार.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८चं कलम १३४ चालकाला जखमीला उपचार मिळवून द्यायला सांगतं आणि जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत खबर द्यायला सांगतं. जमाव खवळला असेल तर काय, याचाही विचार त्याच कलमात आहे. जमावाच्या रोषामुळे जागेवर थांबून मदत करणं शक्यच नसेल, तर तिथून निघणं गुन्हा ठरत नाही, पण मग सरळ पोलीस ठाणं गाठायचं. ११२ला आधी फोन केला असेल तर त्याची नोंद तुमच्या बाजूनं बोलते. निसटणं आणि ठाण्यात हजर होणं यात कोर्टाच्या दृष्टीनं फार मोठं अंतर आहे. २०२४च्या जानेवारीत ट्रकचालकांनी ज्यावरून चाकं थांबवली ते दहा वर्षांच्या शिक्षेचं उपकलम, भारतीय न्याय संहितेतलं १०६(२), १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. ‘आता थांबलं तरी दहा वर्षं’ ही भीती मुळातच चुकीची होती. ते उपकलम खबर न देता पळणाऱ्यासाठीच लिहिलेलं आहे.

जागेवर चूक कोणाची हा वाद घालू नका. ‘माझंच चुकलं’ म्हणू नका, ‘तुझंच चुकलं’ही नको. पैसे देऊन मिटवण्याची बोलणी तर अजिबात नकोत. आज हात मिळवून गेलेला उद्या तक्रार घेऊन येऊ शकतो. डेपोला फोन करा, दोन-तीन प्रवाशांची नावं आणि नंबर वाहकाला टिपून घ्यायला सांगा. गाडी हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा : टायरचे ओरखडे, दोन्ही गाड्यांची जागा, रस्त्याची कड, मागचं वळण. जखमीच्या तोंडाचे फोटो काढू नका, त्यांचा कोणालाच उपयोग नसतो.

अहवाल त्याच दिवशी लिहा, डोकं शांत झाल्यावर, पण झोपण्याआधी. वेग, गिअर, प्रकाश, रस्ता ओला की कोरडा, समोरचा कोणत्या बाजूनं आला, आणि हातानं काढलेला साधा नकाशा. जे दिसलं नाही ते लिहू नका. ‘तो बहुतेक फोनवर बोलत असावा’ असं एक वाक्य उलटतपासणीत सगळा अहवाल खिळखिळा करतं. सही केलेली एक प्रत घरी ठेवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं बोलावणं कधी कधी काही वर्षांनी येतं. तोवर तुमची बदली झालेली असते, वाहक निवृत्त झालेला असतो, आणि वकील पहिल्याच प्रश्नात विचारतो की त्या वेळी तुमची गाडी कितव्या गिअरमध्ये होती.