गोडी छाटणीपूर्वी बागेत रोटाव्हेटर घालताना करावयाची तयारी

पावसाळा सरत आला की द्राक्षबागेच्या दोन ओळींमधले गवत गुडघ्याच्या वर जाते आणि गोडी छाटणीची, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीची, तारीख डोक्यावर असते. अशा घाईच्या दिवसांत छोट्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून थेट बागेत शिरण्याचा मोह होतो. पुढील यादी त्या मोहाच्या आधी वाचण्यासाठी आहे. ती नऊ-दहा फुटी ओळींत चालणारा छोटा ट्रॅक्टर आणि तीन ते चार फुटी रोटाव्हेटर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. मशिनसोबत आलेल्या पुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचेच ऐकावे.

पहिली तपासणी मशिनची नसून जमिनीची आहे. वापसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकीच ओल, आला आहे की नाही हे ओळीतील चार इंच खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावे. तिचा लाडू होऊन तो बोटाने दाबल्यावर फुटत नसेल, तर त्या दिवशी काम करू नये. काळ्या जमिनीत ओलीवर रोटाव्हेटर चालवला तर वरची माती भुसभुशीत दिसते, पण पात्यांच्या खाली चोपून निघालेला गुळगुळीत थर तयार होतो आणि त्याखाली पाणी व मुळे दोन्ही अडखळतात. शिवाय ओली माती पात्यांना व झाकणाच्या आतील बाजूला चिकटते आणि ती काढण्यासाठी चालक वारंवार खाली उतरतो. अपघात बहुधा या वारंवार उतरण्यातच होतात.

वापसा असेल तर ओळी पायी चालून पाहाव्यात. ट्रॅक्टरवर बसून पाहिलेले या कामी चालत नाही. उंच गवतात ठिबकची नळी खाली लोंबत असते, छाटलेल्या तारेचे तुकडे, सुतळी, खताची फाटकी गोणी आणि दगड पडलेले असतात, तर ओळीच्या टोकाला ताणाची तार जमिनीत गाडलेली असते. ठिबकची नळी वर तारेला बांधून घ्यावी आणि ताणाच्या तारेजवळ रंगीत कापड बांधावे, म्हणजे वळताना ती नजरेत येते. गवत फारच वाढलेले असेल तर ते आधी कापून घ्यावे. कारण लांब हिरवे गवत रोटरवर, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्यावर, दोरासारखे गुंडाळले जाते. कापताना हातात काठी व पायात गमबूट असावेत, कारण या दिवसांत गवतात साप असतात.

जोडणी सपाट जागेवर करावी. ट्रॅक्टर मागे घेत असताना ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. ‘थोडा मागे, अजून थोडा’ असे सांगणाऱ्याने बाजूला, चालकाला दिसेल अशा ठिकाणी उभे राहून सांगावे. खालचा डावा दांडा आधी, मग उंची कमी-जास्त करता येणारा उजवा दांडा आणि त्यानंतर वरची टॉप लिंक अशा क्रमाने जोडल्यास पहारीने रेटारेटी करावी लागत नाही. प्रत्येक पिनला तिची खटक्याची कडी लागली आहे का ते हाताने ओढून पाहावे. कडीच्या जागी वाकवलेला खिळा किंवा तार घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, पण धक्क्यांनी ती तार निसटते आणि अवजार एका बाजूला लोंबकळते. शेवटी दोन्ही चेक चेन (खालच्या दांड्यांना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) इतक्या आवळाव्यात की रोटाव्हेटर टायरला घासणार नाही.

पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा अवजाराला शक्ती देणारा फिरता दांडा, आणि त्याला रोटाव्हेटरशी जोडणारा शाफ्ट यांना या यादीत सर्वांत जास्त वेळ द्यावा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टची जाडी दोन इंच धरली तर त्याचा घेर सुमारे सव्वासहा इंच भरतो आणि एका सेकंदात पावणेपाच फूट कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाऊ शकते. गळ्यातला टॉवेल एवढाच असतो. म्हणजे टॉवेल अडकल्याचे कळण्याआधी तो संपलेला असतो, आणि कापड सुटून निघण्याऐवजी माणूस आत ओढला जातो. म्हणून शाफ्टवरील प्लास्टिकचे आवरण हे शोभेचे नाही. ते फुटले असेल तर नवीन बसवावे. आवरण स्वतः फिरू नये यासाठी त्याला दिलेली साखळी ट्रॅक्टरच्या किंवा अवजाराच्या स्थिर भागात अडकवावी. शाफ्ट पीटीओवर चढवल्यावर खटक्याचा आवाज आला तरी तो मागे-पुढे ओढून पक्का बसल्याची खात्री करावी.

शाफ्टची लांबी बरोबर आहे का, हेही नवीन ट्रॅक्टरवर जुना रोटाव्हेटर चढवताना तपासायचे असते आणि नेमके तेव्हाच विसरले जाते. इंजिन बंद ठेवून रोटाव्हेटर वर-खाली करताना दोन टोके जेथे सर्वांत जवळ येतात, तेथे आतील नळी तळाला टेकता कामा नये, एक-दोन इंच मोकळीक राहावी. जेथे ती सर्वांत दूर जातात, तेथे दोन्ही नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत असाव्यात. दोन्ही नळ्यांवरचे आतील योक (सांध्याचे दुबेळके तुकडे) एकाच रेषेत आहेत ना, हे पाहावे. ते तिरके बसले तर शाफ्ट धडधडतो आणि क्रॉसचे, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातील फुलीचे, बेअरिंग लवकर जाते. शिअर बोल्ट (जादा जोर आल्यास आधी तुटून गिअर बॉक्स वाचवणारा बोल्ट) असेल तर कंपनीने सांगितलेल्याच ताकदीचे दोन-तीन बोल्ट पेटीत ठेवावेत. मी एकदा तुटलेल्या शिअर बोल्टच्या जागी घरात सापडलेला कडक बोल्ट घातला होता. पुढच्या दगडाला बोल्ट तुटला नाही, गिअर बॉक्स तुटला.

पात्यांकडे वळण्यापूर्वी रोटाव्हेटर उचललेल्या अवस्थेत ठोकळ्यांवर टेकवावा, इंजिन बंद करावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालावी. हायड्रॉलिकवर लटकलेल्या अवजाराखाली हातही घालू नये. ऑस्ट्रेलियातील गिलगांड्रा येथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये फिरत्या पात्यांच्या मशागतीचे प्रयोग सुरू केले, तेव्हा त्यांच्या पहिल्या चकत्या माती बाजूला फेकत असत. लहान व्यासाच्या रोटरवर एल आकाराची पाती लावल्यावर ती अडचण सुटली. आपल्या रोटाव्हेटरवर आजही तोच आकार दिसतो. पात्यांत डावी आणि उजवी असा भेद असतो आणि धारेची कड जमिनीत आधी शिरेल अशीच ती बसवायची असतात. ती रोटरवर मळसूत्री क्रमाने लावलेली असतात, म्हणजे सर्व पाती एकाच वेळी जमिनीवर आदळत नाहीत. हा क्रम बिघडू नये म्हणून पाती एकेक काढून एकेक बसवावीत. सगळी एकदम काढून ढीग करू नये. आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. नवीन पात्यांचे नट पहिल्या तासाभरानंतर थांबून पुन्हा आवळावेत.

चालकाने अंगाबरोबर बसणारे कपडे, बंद बूट आणि धुळीसाठी मास्क वापरावा. टॉवेल, उपरणे, ओढणी, सैल पदर आणि लोंबणारी दोरी ट्रॅक्टरजवळ आणू नये. मडगार्डवर मुलाला बसवू नये, त्याने कितीही हट्ट केला तरी. छोट्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून घसरलेले मूल मागच्या चाकाखाली किंवा थेट पात्यांपुढे येते. कोणत्या बागेत जात आहोत हे घरी सांगून जावे, फोन चार्ज असावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना रस्ता कसा सांगायचा, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

काम सुरू करताना इंजिनाचा वेग कमी ठेवून, रोटर जमिनीपासून किंचित वर असताना पीटीओ लावावा, वेग हळूहळू वाढवावा आणि ट्रॅक्टर पुढे सरकू लागल्यावर रोटाव्हेटर अलगद खाली सोडावा. खोली दोन्ही बाजूंच्या स्किडवर (जमिनीवर घसरत जाणाऱ्या पट्ट्यांवर) सारखी लावावी. बागेत तीन-चार इंच पुरे असे माझे मत आहे, कारण वरच्या थरातील पांढरी मुळी तोडून छाटणीला सामोरे जाण्यात शहाणपण नाही. ओळीच्या टोकाला वळताना अवजार उचलावे. ते फार वर जात असेल आणि क्रॉसमधून कटकट ऐकू येत असेल तर पीटीओ बंद करूनच वळावे. रोटर जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घेऊ नये. मंडप असेल तर डोक्यावरच्या तारांकडेही लक्ष असू द्यावे.

रोटरला काही गुंडाळले तर क्रम एकच: पीटीओ बंद, अवजार जमिनीवर टेकवलेले, इंजिन बंद, किल्ली खिशात, रोटर पूर्ण थांबलेला. त्यानंतरच उतरावे. ‘नुसते क्लच दाबून धर, मी नळी ओढतो’ हे वाक्य बागेत उच्चारूच नये. क्लचवरचा पाय घसरायला काहीच लागत नाही. गवत काढताना हाताऐवजी आकडा किंवा विळा वापरावा. उचललेल्या रोटरखाली काम करायचे असल्यास आधी ठोकळे लावावेत.

दर आठ-दहा तासांच्या कामानंतर शाफ्टचे क्रॉस आणि रोटरच्या बाजूचे बेअरिंग यांना ग्रीस द्यावे, आणि सरकणाऱ्या नळीलाही. तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गिअर बॉक्स आणि बाजूच्या केसमधील ऑइलची पातळी अवजार सपाट ठेवून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे, असे समजावे. हायड्रॉलिकची गळती बोटाने शोधू नये. दाबाखालचे ऑइल कातडीत घुसते. त्यासाठी पुठ्ठा धरावा.

हंगाम संपल्यावर रोटाव्हेटर धुऊन वाळवावा. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगच्या सीलवर मारू नये. पात्यांना जुने इंजिन ऑइल लावून तो लाकडी फळ्यांवर, छपराखाली ठेवावा आणि शाफ्ट काढून वेगळा टांगून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी तो जोडताना वरील सर्व तपासणी आपोआप नव्याने करावी लागेल.