मोठेपणीचं एडीएचडी: निदान, गोळी आणि घरातली व्यवस्था

आधी शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा. 'हुशार आहे, पण धांदरट', 'वर्गात लक्ष नसते', 'निष्काळजीपणाच्या चुका' असे शेरे असलेलं तिसरी-चौथीतलं एखादं पिवळं पान मिळालं, तर मानसोपचारतज्ज्ञाचं निम्मं काम सोपं होतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणा-उतावीळपणाचा विकार, पस्तिशीत अचानक उपटत नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकन मानसोपचार संघटनेचं पुस्तक) च्या निकषांप्रमाणे काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. त्याआधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षांची होती.

प्रगतिपुस्तक नसेल तर आईला किंवा मोठ्या बहिणीला विचारा, पण नेमकं विचारा. डबा शाळेत किती वेळा राहायचा? गृहपाठ कुणाला शेजारी बसून करून घ्यावा लागायचा? 'लहानपणी मी कसा होतो?' असं मोघम विचारलंत तर 'अगदी गुणी' याखेरीज उत्तर येणार नाही.

लक्षणांचे दोन गट आहेत: नऊ लक्ष न लागण्याची आणि नऊ चंचलपणा-उतावीळपणाची. सतराव्या वर्षापुढे निदानासाठी कोणत्याही एका गटातली कमीत कमी ५ लागतात (लहान मुलांना ६), तीही किमान सहा महिने, घर आणि नोकरी अशा दोन तरी ठिकाणी, आणि कामाचं किंवा नात्यांचं नुकसान होईल इतकी. मोठेपणी धावपळ बहुतेक आत शिरते: पाय हलत राहतो, रांगेत उभं राहवत नाही, समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी तोंड उघडतं. मुलींच्या बाबतीत निदान हुकतं ते इथेच. खिडकीबाहेर बघत शांत बसणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या नजरेतही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस ही १८ प्रश्नांची यादी घरी भरता येते. पहिले ६ प्रश्न चाळणीचे. त्यातल्या ४ किंवा अधिक उत्तरांवर गडद रकान्यात खूण आली तर तज्ज्ञाकडे जायचं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. झोप अपुरी असली, घोरताना श्वास अडकत असला, थायरॉइड बिघडलेलं असलं, बी-१२ कमी असलं किंवा नैराश्य असलं तरी हेच प्रश्न 'हो' म्हणतात. फरक ओळखायचा तो 'कधीपासून' यावरून. नैराश्य येतं आणि ओसरतं. एडीएचडीचा धागा शाळेपासून सलग सापडतो. दोन्ही एकत्र असणंही सर्रास आढळतं. ब्रेन स्कॅन किंवा ईईजीने (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) हे निदान होत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

घरच्यांचा ठरलेला आक्षेप असतो, 'मग क्रिकेट तीन तास कसं बघतो?' लक्ष कमी नसतंच. ते हवं तिथे वळवता येत नाही आणि एकदा चिकटलं की सोडवता येत नाही.

औषधांत पहिलं नाव मिथिलफेनिडेट या उत्तेजक औषधाचं. भारतात ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते बहुधा नसतंच. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष जाणं आलं: मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. कुठली दुकानं ते औषध ठेवतात, हे डॉक्टरांनाच विचारून निघा.

साधी गोळी सहसा ५ मिलिग्रॅमपासून, सकाळी आणि दुपारी, सुरू होते आणि आठवड्याच्या अंतराने वाढवतात. परिणाम ३-४ तास टिकतो. दीर्घ परिणामाची १८ मिलिग्रॅमची गोळी सकाळी एकदाच घेतात, ती १०-१२ तास चालते. ती चावायची किंवा फोडायची नाही. आधी नाश्ता, मग गोळी. उलट केलंत तर भूक मरते, दिवसभर पोटात काही जात नाही आणि चार वाजता डोकं धरून बसावं लागतं. दुपारी उशिरा घेतलेली गोळी रात्रीची झोप खाते. चहा-कॉफी निम्मी करा, नाहीतर छातीतली धडधड गोळीमुळे की चौथ्या कपामुळे हे कळत नाही. सुरू करण्याआधी आणि प्रत्येक वाढीनंतर रक्तदाब, नाडी आणि वजन लिहून ठेवा. हृदयविकार, काचबिंदू, पूर्वी येऊन गेलेला उन्माद किंवा भ्रम यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, स्वतःहून सांगा.

गोळी लागू पडते आहे का, हे 'आज उत्साह वाटतोय' यावरून ठरवू नका. आठवड्यात किल्ल्या किती वेळा शोधल्या, किती कामं मुदत उलटून झाली, झोप किती लागली, हे तीन आकडे लिहा.

दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक नाही आणि शेड्यूल एक्समध्येही नाही. मोठ्यांना ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून ८० पर्यंत, कमाल १०० पर्यंत नेतात. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी. खरी अडचण धीराची: परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी चालू असेल तर ॲटोमॉक्सेटिनची रक्तातली मात्रा चढते, म्हणून आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. डॉक्टरांना लगेच कळवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

दुबई-अबुधाबीला निघणाऱ्यांसाठी: मिथिलफेनिडेट तिथे नियंत्रित औषध आहे. निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्या आणि मूळ चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

आता घर. गोळी लक्ष मोकळं करते, विजेचं बिल भरत नाही. एडीएचडी असलेल्या माणसांना काय करायचं ते ठाऊक असतं. ते त्या क्षणी, त्या जागी आठवत नाही. म्हणून आठवण डोक्याबाहेर, आणि कामाच्या जागीच हवी. उत्तम नमुना शिट्टीवाला मिल्क कुकर. गॅसवर दूध ठेवून माणूस गॅलरीत गेला की दूध उतू जाणारच, कितीही 'लक्ष ठेव' म्हटलं तरी. मिल्क कुकर स्वतःच ओरडतो. त्यातही खोट एकच: दुहेरी भिंतीत पाणी भरायचं राहिलं तर शिट्टीच होत नाही. त्यावर उपाय म्हणजे रात्री भांडं धुतल्याबरोबर पाणी भरूनच ते जागेवर ठेवायचं.

बाकीची कामंही अशीच बोलकी करा. बिलं बँकेतून आपोआप जाऊ द्या. किल्ल्यांचा हुक कपाटात नको, दारालाच हवा. तारखा भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर लिहा. तीन ॲप आणि दोन डायऱ्या झाल्या की एकही बघितली जात नाही. 'टॅक्स भरणे' असं यादीत लिहू नका, ते काम नव्हे, डोंगर आहे. 'फॉर्म १६ ची पीडीएफ उघडणे' लिहा. टायमर लावा तो हातातल्या घड्याळात, कारण फोन हातात घेतला की अर्धा तास गेला.

आणि बायकोला किंवा नवऱ्याला गजराचं घड्याळ बनवू नका. महिन्याभरात दोघंही चिडतात. 'झालं का?' ऐवजी 'किती वाजता बसतोस? मी शेजारी माझं काम घेऊन बसते' एवढं पुरतं. बोलायचं नाही, तपासायचं नाही, फक्त त्याच टेबलाशी बसायचं. पंचवीस मिनिटांनी दोघांनी उठून चहा.